बंद खाणींचा श्वास आणि त्याचा नकाशा

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा विज्ञानविषयक लेख लिहून द्यावा असा चालक मंडळींचा आग्रह पडला, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस फार लांब जावे लागले नाही. हैदराबादेतील मराठी कुटुंबांचे नातेगोते एका बाजूस वणी, बल्लारपूर, चंद्रपूरकडे आणि दुसऱ्या बाजूस कोठागुडम, मंचेरियाल, गोदावरीखनीकडे पसरलेले आहे. दोन्हीकडे कोळसा आहे. कोणाचे चिरंजीव खाणीत नोकरीस, कोणाचे जावई ठेकेदारीत, तर कोणी सेवानिवृत्तीनंतर तिकडेच एखादा प्लॉट घेऊन घर बांधलेले. चालू खाणीचे धोके ही मंडळी आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक जाणतात. आम्हांस लिहावयाचे आहे ते खाण बंद पडल्यानंतरच्या गोष्टीविषयी. माणसे निघून गेली, पंखे थांबले, तोंडावर सिमेंटचे झाकण बसले, म्हणजे खाण मेली असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती पुढे कित्येक दशके श्वासोच्छ्वास करीत राहते. तो उच्छ्वास कोठून, केव्हा आणि किती बाहेर पडेल याचे गणित मांडण्याची एक विद्या गेल्या काही दशकांत वाढीस लागली आहे. तिचा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न.

आरंभी वायूंची ओळख करून घेऊ. जुन्या पडीक विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराने खाली सोडण्याचा रिवाज आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असेल. आमच्या घरी अब्बा हा नेम कधी चुकवीत नसत. कंदील विझला तर माणूस उतरावयाचा नाही. विहिरीच्या तळाशी सडलेल्या पाल्याने प्राणवायू खाऊन टाकलेला असतो आणि त्याच्या जागी जड असा कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बद्विप्राणिल वायू, साचलेला असतो. हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. तो १६-१७ पर्यंत उतरला की ज्योत विझते.

बंद खाणीत हीच क्रिया अवाढव्य प्रमाणावर चालते. उघडा पडलेला कोळसा हवेतील प्राणवायू सावकाश शोषतो. त्याच्यासोबत सापडणारे लोहमाक्षिक, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचे खनिज, गंजते आणि त्यातून आम्लयुक्त पाणी तयार होते. आधारासाठी लावलेली लाकडे कुजतात. आम्लाचे पाणी चुनखडीच्या थरास लागले तर लिंबू पिळल्यावर खाण्याचा सोडा फसफसावा तसा कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. शेवटी पोकळीत उरतो तो प्रामुख्याने नत्रवायू आणि त्यात मिसळलेला कार्बन डाय-ऑक्साइड. या मिश्रणास इंग्रज खाणकामगार ‘ब्लॅकडॅम्प’ आणि उत्तरेकडचे ‘स्टाइथ’ म्हणत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात त्याचे पृथक्करण करून दाखविले. स्थूलमानाने सात हिस्से नत्रवायू आणि एक हिस्सा कार्बन डाय-ऑक्साइड असे त्याचे प्रमाण पडते. ह्याला रंग नाही, वासही नाही.

दुसरा वायू मिथेन. कोळसा तयार होतानाच तो त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत चिकटून बसलेला असतो. वरचा दाब कमी झाला की तो सुटू लागतो. खाणकाम म्हणजे दाब काढून घेणेच होय. म्हणून ज्या थराला कोणी हातही लावला नाही असे शेजारचे थरही भेगा पडल्यामुळे मिथेन सोडीत राहतात. हवेत शेकडा ५ ते १५ या प्रमाणात मिसळला आणि ठिणगी पडली की त्याचा स्फोट होतो. वजनाने तो हवेच्या साधारण अर्धा, म्हणून वर जातो. कार्बन डाय-ऑक्साइड हवेच्या दीडपट, म्हणून खाली बसतो. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. विहिरीला चालणारा कंदील खाणीच्या जुन्या तोंडाशी कदापि नेऊ नये. तेथे खाली काय आहे ते ठाऊक नसते, आणि मिथेन असेल तर कंदील विझणार नाही, भडका उडवील.

आता प्रत्यक्ष घडलेली हकीकत पाहू. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या दक्षिणेस मिडलोथियन परगण्यात गोरब्रिज नावाचे लहान गाव आहे. भोवताली पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या, त्या बंद होऊन काळ लोटला होता. तेथील नगरसंस्थेने न्यूबायर्स क्रेसेंट आणि गोर अव्हेन्यू या भागात भाड्याने देण्यासाठी ६४ नवी घरे बांधली. घरे चांगली, नवीकोरी. २०१३ च्या सप्टेंबरात तेथील एका कुटुंबाची प्रकृती बिघडून त्यांना दवाखान्यात न्यावे लागले, आणि तपासाअंती असे निघाले की घरात कार्बन डाय-ऑक्साइड साचला आहे आणि तो जमिनीखालून येत आहे. मग इतरांचीही तोंडे उघडली. कोणाचे डोके सारखे दुखत होते, कोणास कोरडा खोकला, कोणास भोवळ. एकंदर २२ रहिवाशांनी अशा तक्रारींसाठी वैद्यकीय सल्ला घेतल्याचे नोंदले गेले. ही दुखणी कोणालाही, कशानेही होणारी. डोके दुखले म्हणून घराच्या जमिनीखाली खाण आहे काय असे कोण विचारतो? मृत्यू कोणाचा झाला नाही, हे सुदैव. परंतु घरे राहण्याजोगी राहिली नाहीत. २०१४ मध्ये ती सर्वच्या सर्व पाडून टाकण्याचे ठरले आणि ती पाडली गेली. बांधताना जोत्याखाली वायू अडविणारा पडदा घातलेला नव्हता. २०१७ मध्ये आरोग्य खात्याचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या कोळसा-प्रदेशात नवी वसाहत उभारावयाची तर वायुरोधाची तजवीज सरसकट करावी, अशी त्यात शिफारस होती.

हे एकच उदाहरण नव्हे. इंग्लंडात डर्बीशायरमधील आर्कराइट टाउन या खाणकामगारांच्या गावी १९८८ मध्ये घराघरांत मिथेन निघू लागला. उपाय करून पाहिले, आणि शेवटी जुने गाव मोडून रस्त्याच्या पलीकडे नवे गाव वसवावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या एका आळीत राहिलेल्या लोकांना अख्खी आळी उचलून न्यावी लागली, यातले दुःख आपल्याकडे धरणाखाली गावे गेलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

गोरब्रिजची घरे उभी राहिली आणि काही वर्षे त्यांत लोक राहिलेही. मग एका सप्टेंबरात एका घरी माणसे आजारी पडावीत, आणि सर्व घरी एकाच दिवशी पडू नयेत, हे काय? याच्या उत्तरातच आमच्या विषयाचे मर्म आहे. वायूचे बाहेर पडणे जागोजाग भिन्न असते आणि क्षणोक्षणी भिन्न असते.

आधी काळाचा भाग पाहू. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांना बॉइलचा नियम पाठ असतो, पण त्याचा घराशी संबंध त्यांना दिसत नाही. समजा, बंद खाणीत १ लाख घनमीटर पोकळी आहे. खाणीच्या मानाने ही काही मोठी पोकळी नव्हे. बाहेर हवेचा दाब १०१३ मिलिबार आहे आणि आतलाही तितकाच. वादळी हवा आली आणि बाहेरचा दाब ३० मिलिबारने उतरला. आतला वायू आता अधिक जागा मागू लागेल. शेकडा ३ दाब उतरला म्हणजे शेकडा ३ वायू बाहेर येणार. अर्थात सुमारे ३ हजार घनमीटर. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच अशा खोल्या ८० हून अधिक भरतील इतका वायू. तो एकाच दिवसात, मिळेल त्या फटीने बाहेर येणार. दाब पुन्हा चढला की खाण बाहेरची हवा आत ओढून घेणार आणि त्या ताज्या प्राणवायूवर कोळशाचे गंजणे पुन्हा सुरू होणार. यालाच आम्ही श्वासोच्छ्वास म्हटले.

केवळ सरासरी दाब पाहून हे कळत नाही. दाब किती आहे यापेक्षा तो किती झपाट्याने उतरतो याला महत्त्व अधिक. याचा कडू अनुभव डर्बीशायरमध्येच लॉस्को गावी २४ मार्च १९८६ रोजी आला. तेथे जमिनीखालून आलेल्या मिथेनने एक घर स्फोटाने उद्ध्वस्त झाले. तो वायू खाणीचा नव्हता, शेजारी बुजविलेल्या कचऱ्याच्या भरावाचा होता. पण जमिनीतून येण्याची रीत तीच. स्फोटापूर्वी ७ तासांत हवेचा दाब २९ मिलिबारने घसरला होता.

आपल्याकडे दाबाचे वागणे निराळे आहे, हेही येथेच सांगून टाकू. दख्खनमध्ये युरोपसारखी वादळे आठवड्याआड येत नाहीत. परंतु उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा नेमाने चढतो आणि उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो. पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. हा फरक तीन-चार मिलिबारांचा. वरच्याच पोकळीला हिशेब लावला तर दर खेपेस तीन-चारशे घनमीटरांचा उच्छ्वास होतो, तोही बारमाही. म्हणून आपल्या हवामानात कोणी दुपारी बाराला एकदा यंत्र लावून “येथे काही नाही” असे लिहून देईल, तर त्या दाखल्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. त्यात बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ आत शिरले तर दाब आणखी उतरतो, ते वेगळेच.

खाणीतले पाणी हा दुसरा कारभारी. चालू खाणीत पंप अहोरात्र चालतात. ते थांबले की पाणी चढू लागते आणि सिरिंजमधल्या दट्ट्याप्रमाणे वायूला वर लोटते. कोळशाचे थर बहुधा तिरपे असतात. मग वायू थराच्या उंच टोकाकडे, म्हणजे जेथे तो जमिनीच्या जवळ येतो तेथे गोळा होतो. गावे वसलेली असतात ती बहुधा तेथेच, कारण जुन्या लोकांनी कोळसा पहिल्याने तेथेच उकरलेला असतो. पाणी पूर्ण भरले म्हणजे मात्र मिथेनचे सुटणे जवळजवळ बंद होते. पाण्याचा दाब त्याला कोळशातच धरून ठेवतो. म्हणजे तीच खाण काही वर्षे अधिक धोक्याची आणि पुढे निरुपद्रवी होऊ शकते.

पाण्यावाचून राहिलेल्या खाणीत मिथेन कसा ओसरतो याचाही आलेख शास्त्रज्ञांनी काढला आहे. आरंभीची काही वर्षे उतार फार जलद, पुढे तो इतका मंद की शेपूट लांबतच जाते. वीस-तीस वर्षांनंतरही थोडा वायू येत राहतो. बंद खाणींच्या या वायूचा राष्ट्रीय हिशेब कसा धरावा याची रीत हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २००६ च्या मार्गदर्शिकेत प्रथमच घालून दिली. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून हा हिशेब टाळता येत नाही. इंग्लंड व जर्मनीत काही बंद खाणींतून हा वायू ओढून त्यावर वीजही करतात. परंतु जगाच्या हवामानाचा प्रश्न आणि एका घराच्या स्वयंपाकघराचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. देशाचा हिशेब बेरजेने होतो. घराला नकाशा लागतो.

तेव्हा आता नकाशाकडे वळू. संगणकावर असा नकाशा करताना एकावर एक थर रचतात. सर्वांत खाली खाणीचे जुने आराखडे: बोगदे कोठे, कोळसा काढून घेतलेली पोकळी, जिला खाणीतली माणसे ‘गोफ’ म्हणतात, ती कोठे, खांब कोठे सोडले, वर येणारी चानके आणि इन्क्लाइन कोठे. त्यावर खडकांचे थर आणि त्यांतले भंग. मग पाण्याची पातळी. मग वरची माती, तिच्यातला ओलावा. सर्वांवर आजची घरे, रस्ते, नाल्या, जमिनीखालून गेलेले नळ. नळांचे चर हे वायूला आयते रस्तेच असतात.

यातला पहिला थर हाती लागणे किती दुरापास्त, हे ऐकून नवल वाटेल. ब्रिटनमध्ये बंद खाणीचा आराखडा सरकारात जमा करण्याची सक्ती १८७२ पासून झाली. त्यापूर्वीच्या खाणींचे काय? कोणी नकाशा काढलाच नाही, काढला तो गहाळ झाला, किंवा शेजाऱ्याच्या हद्दीतला कोळसा चोरला म्हणून मुद्दाम चुकीचा काढला. आज तिकडे नोंद झालेली खाणीची तोंडे पावणेदोन लाखांच्या घरात आहेत, आणि नोंद न झालेली निराळी. नकाशा नसण्याची किंमत केवळ वायूनेच वसूल होते असे नाही. धनबादजवळ चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या जुन्या कामात साचलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. जुनी पोकळी आपल्यापासून किती अंतरावर आहे, हा प्रश्न खाणीत जन्ममरणाचा असतो.

आराखड्यांनंतर येतात ती मोजमापे. जमिनीत बोअर घेऊन त्यांत वायूचे प्रमाण, दाब, आणि प्रवाह मोजतात. परंतु बोअर सगळीकडे घेता येत नाहीत, खर्च फार. दहा-वीस ठिकाणची माहिती हाती, आणि प्रश्न विचारला जातो मधल्या शेकडो घरांविषयी. मधल्या जागेचा अंदाज कसा करावयाचा?

सर्वांत सोपी रीत अंतराच्या हिशेबाची. समजा, आपल्या घरापासून ४० मीटरवरच्या बोअरमध्ये शेकडा २ कार्बन डाय-ऑक्साइड सापडला आणि ८० मीटरवरच्या बोअरमध्ये शेकडा ८. जवळच्याचे म्हणणे अधिक मानावयाचे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिले तर जवळच्याला ४ मते आणि लांबच्याला १ मत मिळते. चार दुणे आठ, त्यात आठ मिळविले, सोळा. पाचांनी भागले, ३·२. आपल्या घराखाली शेकडा ३·२ असावा, हा अंदाज. हे गणित आमचे विद्यार्थीही करतात.

पण या रीतीत एक उणीव आहे. पंचायतीत तीन पंच बसले आणि त्यांपैकी दोघे एकाच घरचे सख्खे भाऊ असले, तर ती खरोखर तीन मते आहेत काय? एकमेकांशेजारी घेतलेले दोन बोअर एकच गोष्ट दोनदा सांगतात. त्यांना दोन मते दिली तर तिसऱ्यावर अन्याय होतो. ही अडचण प्रथम नीट सोडविली ती खाणवाल्यांनीच. दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रीख नावाचे खाण-अभियंते विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत काम करीत. थोड्या नमुन्यांवरून मधल्या खडकात सोने किती हे ठरविण्याची त्यांची रीत १९५१ मध्ये पुढे आली. फ्रान्समधील गणिती जॉर्ज मातेराँ यांनी १९६० च्या दशकात तिला शास्त्रशुद्ध बैठक दिली आणि क्रीख यांच्याच नावावरून तिचे नाव ठेवले. तिलाच आज ‘क्रिगिंग’ म्हणतात. सोने शोधण्याची युक्ती पुढे विषारी वायू, पाऊस, भूजल अशा कितीतरी गोष्टींना लागू पडली.

क्रिगिंगमध्ये आधी जमिनीलाच विचारतात की बाई, तुझी माणसे एकमेकांसारखी किती अंतरापर्यंत असतात? प्रत्येक दोन बोअरांची जोडी घेऊन त्यांच्यातले अंतर आणि त्यांच्या आकड्यांतला फरक यांचा आलेख काढतात. जवळच्या जोड्यांत फरक थोडा, लांबच्यांत मोठा, आणि एका अंतरापलीकडे फरक वाढत नाही. म्हणजे तेथे नाते संपले. या आलेखास ‘व्हेरिओग्राम’ म्हणतात. त्यावरून प्रत्येक बोअरला योग्य ते वजन मिळते आणि सख्ख्या भावांचे मत आपोआप वाटून जाते. शिवाय या रीतीचा एक मोठा गुण असा की ती अंदाजाबरोबर त्या अंदाजात किती चूक संभवते तेही सांगते. एक नकाशा वायूचा आणि दुसरा आपल्या अज्ञानाचा. आमच्या मते यांतला दुसरा अधिक मोलाचा, कारण पुढचा बोअर कोठे घ्यावयाचा ते तोच सांगतो.

इतके असूनही क्रिगिंग एकट्याने पुरे पडत नाही. ती रीत गुळगुळीत उतार-चढाव धरून चालते. सोन्याच्या खडकात ते ठीक आहे. परंतु वायू हा खडकात बसून राहणारा पदार्थ नव्हे, वाट काढणारा आहे. तीन मीटर व्यासाचे एखादे जुने चानक, ज्याची नोंदच नाही, त्यातून सारी खाण श्वास घेत असेल. शेजारी ३० मीटरवर बोअर घ्या, काहीच सापडणार नाही. गुळगुळीत नकाशात तो टोकदार शेंडा झिजून नाहीसा होतो. म्हणून दुसऱ्या जातीचे प्रतिमान लागते. त्यात जमिनीचे लहान लहान ठोकळे कल्पितात आणि प्रत्येक ठोकळ्यातून शेजारच्या ठोकळ्यात वायू किती जाईल हे दाबातला फरक, खडकाची पारगम्यता आणि वायूचे वजन यांवरून काढतात. नियम तोच, जो फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी काम करताना हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडला. वाळूतून पाणी जाते त्याच नियमाने भेगांतून वायू जातो. मग त्या प्रतिमानाला तासातासाचा वायुभार भरवितात, पावसाचे पाणी भरवितात, आणि पाहतात.

पावसाचा परिणाम आम्हांस विशेष लक्षणीय वाटतो. वायू मोकळ्या मैदानात वर येऊन वाऱ्यात मिसळून जात असतो, कोणास त्रास नाही. मुसळधार पाऊस झाला, मातीची छिद्रे पाण्याने भरली, चिखलाचे झाकण बसले. आता वायूला वरची वाट बंद. तो आडवा सरकतो आणि जेथे माती कोरडी सापडेल तेथे वर येतो. पावसाळ्यात कोरडी माती कोठे असते? घराच्या जोत्याखाली. शीत देशांत हेच काम बर्फाने गोठलेली जमीन करते. त्यात तिकडची घरे आतून तापविलेली. ऊन हवा वरून निसटते आणि तितकीच हवा जमिनीतून वर ओढली जाते. आपली जुनी चौकाची घरे, झरोके, दिवसभर उघडी दारे यांना ही भीती फारशी नव्हती. खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावलेल्या तळमजल्याच्या खोलीविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

असे प्रतिमान खरे की खोटे हे कसे पारखावयाचे? काही बोअरांचे आकडे मुद्दाम झाकून ठेवतात, उरलेल्यांवरून प्रतिमान बांधतात आणि झाकलेल्या जागांचा अंदाज करवून मग ताडून पाहतात. आम्ही उदाहरणे सोडविल्यावरच मागच्या पानावरची उत्तरे पाहावयास लावतो, तद्वत. ही पारख ज्या नकाशाने दिलेली नाही तो कितीही रंगीत असला तरी भिंतीवर लावण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. संगणकावर हिरवा रंग काढणे सोपे आहे, आणि हिरवा रंग पाहिला की घेणाऱ्याचे मन लगेच निश्चिंत होते. ‘येथे मोजले आणि वायू नव्हता’ आणि ‘येथे मोजलेच नाही’ या दोन्हींना पुष्कळदा तोच हिरवा रंग दिलेला असतो. चांगला नकाशा ‘होय’ किंवा ‘नाही’ न म्हणता संभव किती ते सांगतो.

आपल्या बाजूच्या खाणींविषयी थोडे. वर्धा खोरे आणि गोदावरी खोरे हा एकच लांबचलांब कोळसापट्टा आहे. वरोऱ्याची खाण गेल्या शतकाच्या आरंभीच बंद झाली. येल्लंदूच्या बाजूस कोळसा निघू लागला तो १८८९ पासून. म्हणजे जुन्या पोकळ्या दोन्हीकडे आहेत. आपल्या कायद्यात वायूच्या मानाने कोळशाच्या थरांच्या तीन प्रती केल्या आहेत. एका टन कोळशामागे १ घनमीटरपेक्षा कमी मिथेन सुटला तर पहिली प्रत, १ ते १० पर्यंत दुसरी आणि त्याहून अधिक सुटला तर तिसरी. आपल्या पट्ट्यातील खाणी बहुतांशी पहिल्या प्रतीच्या, त्यामुळे झरियाच्या काही थरांसारखी मिथेनची भीती येथे नाही. परंतु ही प्रतवारी मिथेनची आहे. ब्लॅकडॅम्पला कोळसा गंजण्याजोगा असला की पुरे, आणि आपल्याकडचा कोळसा हवेशी संयोग पावण्यात मागे नाही. आपोआप पेट घेण्याविषयी तो प्रसिद्धच आहे. म्हणून ‘आमची खाण पहिल्या प्रतीची’ हे उत्तर तोंडावर फेकले गेले तर त्याने समाधान मानू नये.

केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणी बंद करण्याच्या आराखड्याविषयी नियम घालून दिले आणि २०१३ मध्ये त्यांत सुधारणा केली. खाण सोडताना तिचा नकाशा खाणसुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. तेव्हा अलीकडे बंद झालेल्या खाणींची कागदपत्रे असतात. ती मागावी लागतात इतकेच. तिकडे जागा घेणाऱ्या आप्तांना पुढील प्रश्न जरूर विचारावयास सांगावे. जमिनीखाली वा जवळपास जुने काम आहे काय, किती खोल, आणि कोणत्या साली बंद झाले? पाणी भरले की अजून चढते आहे? चानकाचे किंवा इन्क्लाइनचे तोंड किती अंतरावर, आणि ते नुसते मुरूम टाकून बुजविले की पक्के झाकले? वायू मोजला असल्यास एकदा मोजला की दाब उतरत असताना काही दिवस सतत? घर बांधावयाचेच ठरले तर जोत्याखाली खडीचा थर, त्यात हवा खेळविणारे नळ आणि त्यावर सलग जाड पडदा घालणे हे नव्या बांधकामात फार खर्चाचे नाही. एकदा फरशी बसल्यावर तेच काम करणे म्हणजे अर्धे घर उकरणे होय. घरात सूचक यंत्र लावणार असाल तर मिथेनचे छताजवळ लावावे. कार्बन डाय-ऑक्साइडचे मात्र माणूस झोपतो त्या उंचीवर, आणि लहान मुले जमिनीवर अंथरूण घालून झोपत असतील तर त्याहून खाली.